गढीवरची पाव्हणी

बसस्थानकावर वेरूळच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं मायलेकी उभ्या होत्या. मायजवळ पाण्याचे दोन कॅन. एक माझ्या पायावर टेकवला अन् वर माझ्याकडंच डोळे वटारून बघितलं.

“आई, ते कॅन मावशीकडं ठेवून ये. गढीवर मुक्कामाला चाललोय, मेंढ्यांमागं नाय.”

“दुष्काळात पाव्हण्यानं आपलं पाणी आपण न्यावं, अक्षदा.”

“दोनशे वर्षांची गढी हाय अंगदच्या घरच्यांची. हसतील. बेइज्जती होईल माझी.”

“मला तर लई भ्या वाटतंय. पलंगावर बसायचं का खाली, तेबी कळंना.”

“बसवतील तिथं बस. फक्त कॅन नको. सुपारी फुटायचीय अजून.”

“म्हणूनच न्यायचे. गेल्या गेल्या पाणी मागितलं तर म्हणतील, लेकबी अशीच सांडलवंड करील.”

“गप, अंगदच्या आईचा फोन हाय.”

पोरगी नुसती ऐकत राहिली. तोंड उतरलं तिचं.

“काय झालं? मोडलं का गं?”

“विचारतात, येताना प्यायचं पाणी आणता येईल का. चार दिवस गढीवर टँकर नाय.”

“दे इकडं फोन. हालो, मी विहीण बोलते. दोन कॅन घेतलेत, अजून आणू का?”