जिन्याचा कठडा

(वारसा-यादीतली जुनी इमारत. अधिकारी बाई जिन्यावर उकिडव्या बसल्यात. वर दारात, एकटे राहणारे काका.)

बाई : मूळ लाकडात भोकं पाडलीत, काका!

काका : सुताराने पाडली. मी नुसती बॅटरी धरली.

बाई : हसण्यावारी नेऊ नका. इथे खिळा ठोकायलाही आमच्या खात्याची परवानगी लागते.

काका : ठाऊक आहे की. खिडकी रंगवायची तर तुमच्या समितीने मला चार छटा दाखवल्या. चारही सारख्याच!

बाई : मग हा लोखंडी कठडा का लावलात?

काका : धाकट्या भावासाठी. दोन गल्ल्या सोडून राहतो. म्हणायचा, "दादा, तुझा जिना उभाच्या उभा, धरायला काही नाही. पडलो-झडलो तर?"

बाई : बरं, ऐका. यातून मार्ग आहे. वयस्कर माणसांसाठी सवलत मिळते. लाकडाला धक्का न लावता उभा राहील असा कठडा करू. अर्ज मीच लिहिते. तोवर हा राहू दे.

काका : नको.

बाई : अहो, तुमच्याच बाजूने बोलतेय मी!

काका : कळतंय. तुम्ही काढायचा हुकूम द्या.

बाई : लोक हुकूम देऊ नका म्हणून हातापाया पडतात, आणि तुम्ही... थांबा. आम्हाला निनावी फोन आला होता. म्हातारा आवाज होता म्हणे.

काका : घसा बसला होता माझा.

बाई : आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलात? कशासाठी?

काका : कठडा लागला त्याच दिवशी भावाला कळवलं. म्हणाला, येतो. मी खुर्ची पुसून ठेवली. पावसाळा गेला, थंडी गेली. परवा पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "बघू."

बाई : भांडला नाहीत त्याच्याशी?

काका : भांडायला तरी यायला हवा ना! पूर्वी बरं होतं हो. फोनवर दोघं मिळून जिन्याला शिव्या द्यायचो. तेवढंच बोलणं व्हायचं. आता बोलायलाच काही उरलं नाही. फार एकटं वाटतं, बाई.

बाई : आणि तुम्ही कसे उतरणार? पाय लटपटतायत तुमचे.

काका : मला कुठे जायचंय?

बाई : ...ठीक आहे. उद्या हुकूम पाठवते.

काका : पाठवा. मी आजच फोन करतो त्याला. सांगतो, नियमच आडवे आले रे, तुझा काही दोष नाही.