ड्रायव्हरच्या मागोमाग

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, धंदा शिवणकाम (शाळेचे गणवेश), राहणार बस डेपोमागची गल्ली, गिरणीवरचा मजला, आज बस स्थानकावरील पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगते की, झाल्या प्रकारात पोरीची काहीएक चूक नाही. हे पहिल्याच ओळीत लिहा, असं मी हवालदारसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बाई, जबाब क्रमाने द्यायचा असतो. मी म्हटलं, क्रम नंतर, आधी हे.

सदर मुलगी वय सोळा, परदेशी विद्यार्थिनी. विद्यार्थ्यांची अदलाबदल करणाऱ्या एका संस्थेमार्फत शाळेचं एक वर्ष आमच्या घरी राहते. घरात एरवी मी आणि माझे पती, दोघंच. संस्थेचा नियम असा की, विद्यार्थी पालकांशिवाय परगावी आढळला तर त्याचं वर्ष तिथेच संपतं आणि त्याला मायदेशी पाठवतात. म्हणून मी क्रम सोडून आधी पोरीची चूक नाही हे सांगितलं. वर्ष संपायला अजून चार महिने आहेत आणि ती मला हवी आहे.

मुलगी आली तेव्हा तिला आपल्या भाषेतलं फक्त 'हो' येत होतं. वर्गात मास्तरांनी विचारलं, गृहपाठ विसरलीस? तर ही 'हो'. मग तासभर बाहेर उभी राहतेस? 'हो.' आणि राहिली की बाहेर उभी, वर हसतमुखाने! मला शाळेत जाऊन मास्तरांशी बोलावं लागलं. मी हळूच बोलले होते, पण तीन वर्गांना ऐकू गेलं असं म्हणतात. आता ती इतकं बोलते की त्याच मास्तरांनी तिला शाळेच्या नाटकात वकिलाचं काम दिलं आहे. प्रयोग पुढच्या महिन्यात आहे. काळा कोट मी शिवते आहे, एक बाही व्हायची आहे.

माझे पती लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर आहेत. त्यांच्या कामाची पद्धत सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावची बस आणि ही चौकी आहे त्या या समुद्रकाठच्या गावची बस सकाळी निघतात आणि मधल्या थांब्यावर समोरासमोर येतात. तिथे प्रवासी आपापल्या बसमध्येच बसतात, ड्रायव्हर तेवढे बदलतात. आमचे हे समोरच्या बसवर चढतात आणि ती घेऊन संध्याकाळपर्यंत घरी. त्यांच्या बसचं पुढे काय होतं ते दुसऱ्या ड्रायव्हरने बघायचं.

लग्न झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर थांब्यापर्यंत जाते, डबा खाते आणि त्यांच्याच मागोमाग दुसऱ्या बसमध्ये बसून परत येते. मुलगी आल्यापासून तीही येते. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून तिने धरण पाहिलं, बोगदा पाहिला, वीटभट्ट्या पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी 'हे काय, ते काय' करून आमच्या ह्यांना भंडावून सोडते. ते बस चालवताना कधी मागे वळून बघत नाहीत, हा त्यांचा नियम. पण तिला उत्तरं मात्र देतात, आणि घरी आल्यावर मला सांगतात, पोरगी हुशार आहे हो.

मुलीच्या देशाला समुद्र नाही. तो बघायचाच असा तिने हट्ट धरला होता. मीही थांब्याच्या पुढे कधी गेलेली नव्हते. म्हणून आज आम्ही दोघींनी थेट या गावची तिकिटं काढली.

थांब्यावर बस लागली. मी मुलीला म्हटलं, तू जागा धरून बस, मी हात-पाय धुऊन येते. खाली उतरले तर आमचे हे डब्याचं झाकण शोधत होते. झाकण मीच लावलेलं होतं, डब्याच्या खालच्या बाजूला. त्यावरून आमची बोलाचाली सुरू झाली. ते बोलत बोलत समोरच्या बसकडे निघाले, मी बोलत बोलत त्यांच्या मागे. ते चढले, मी चढले. ते आपल्या जागी बसले, मी त्यांच्या मागच्या सीटवर. मग मी रुसून खिडकीकडे तोंड केलं. पहाटे उठून पोळ्या लाटल्या होत्या, माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा बाहेर वीटभट्ट्या दिसल्या. मी शेजारी हात लावून म्हटलं, "अगं, समुद्र आला का?" शेजारी मिशीवाले एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "नाही बुवा, मी कांदे घेऊन चाललोय."

वीटभट्ट्या म्हणजे आमच्या गावची वाट. मी ओरडले, "अहो, पोरगी कुठाय?" आमचे हे समोर बघतच म्हणाले, "मागे बसली असेल. आरशात तू चढताना दिसलीस, मला वाटलं तुमचा बेत फिसकटला." म्हटलं, धन्य आहे तुमची आणि माझीही! त्यानंतर त्यांनी जन्मात पहिल्यांदा मागे वळून बघितलं, बस कडेला घेऊन.

माझा मोबाईल मुलीजवळ होता आणि धरणाचे फोटो काढून तिने त्याची बॅटरी संपवली होती. मी ह्यांच्या फोनवरून घाबरून संस्थेच्या बाईंना कळवलं. ही दुर्बुद्धी मला कुठून झाली कोण जाणे. त्या शांतपणे म्हणाल्या, "काळजी करू नका, तिथल्या पोलिसांशी बोलते. मुलीला संस्था ताब्यात घेईल. तिचं सामान बांधून ठेवा." मी म्हटलं, सामान कशाला? त्या म्हणाल्या, नियम तुम्हाला माहीत आहे. तिथून पुढे मिळेल त्या बसने उलट इकडे आले. वाटेत काय काय होतं ते मला सांगता येणार नाही. डोळ्यांना पाणी होतं.

चौकीत आले तेव्हा मुलगी बाकावर बसून चहा पीत होती. मी तिला पोटाशी धरायला गेले, तर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "कुठे होतीस? सांगून जाता येत नाही? इथे माणसाच्या जिवाला घोर!" ही सगळी वाक्यं माझी आहेत. ती रोज घरात म्हटली जातात. मग मात्र ती रडली, मीही रडले. हवालदारसाहेब पंख्याकडे बघत बसले.

त्यांच्याकडून असं समजलं की, मुलगी बसमधून उतरून सरळ चौकीत आली आणि माणूस हरवल्याची तक्रार तिने स्वतः दिली. नातं विचारलं तेव्हा 'आई' म्हणाली. हवालदारसाहेबांनी तिचा चेहरा आणि पासपोर्ट बघून विचारलं, खरी आई का? तर म्हणाली, "शाळेत माझ्यासाठी भांडायला तीच येते." समुद्र चौकीपासून हाकेच्या अंतरावर आहे. बसल्या बसल्या नुसता बघून ये, असं ते दोनदा म्हणाले, पण ती जागची हलली नाही.

तेवढ्यात मी बरोबर आणलेल्या ह्यांच्या मोबाईलवर संस्थेच्या बाईंचा फोन आला. मुलीने तो माझ्या हातून घेतला, स्पीकर लावला आणि नाटकातल्या वकिलाच्या आवाजात बोलायला लागली. "बाई, मी तिकीट होतं त्या बसमध्ये होते. तिकीट होतं त्या गावी उतरले. पोलिसांकडे आले. यात मी कुठे हरवले? हरवली ती." तिने हवालदारसाहेबांना तक्रार वाचायला लावली. मी मनातल्या मनात तिचं सामान पुन्हा पुन्हा बांधत होते, सोडत होते.

शेवटी बाई म्हणाल्या, "विद्यार्थी हरवला तर काय करायचं ते नियमात आहे. पालक हरवले तर काय, ते कुणी लिहिलेलं नाही." मग मला त्यांचं हसू ऐकू आलं. त्यांनी मुलीला विचारलं, त्याच घरी राहणार ना? मुलगी म्हणाली, "राहणार. पण यापुढे प्रवासात हिचा हात मी धरणार." बाई म्हणाल्या, मग सामान राहू द्या.

मी हवालदारसाहेबांना म्हटलं, आता पोरीला माझ्या ताब्यात द्या, कुठे सही करू? ते म्हणाले, "तुम्ही नाही बाई. हरवलेल्या तुम्ही. ताब्यात ती घेणार." कायद्याने हे चालतं का, ते मला माहीत नाही. मुलीने मराठीत, स्वतःच्या अक्षरात सावकाश लिहिलं, 'आई मिळाली, धडधाकट आहे,' आणि खाली सही केली.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला, मी शेवटपर्यंत ऐकला, माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे. हरवलेल्या व्यक्तीच्या वर्णनात तक्रारदार मुलीने 'जाड, आवाज मोठा, मनाने चांगली' असं लिहून दिलं आहे. 'जाड' खोडावं अशी विनंती मी केली होती. मुलीने हरकत घेतल्यामुळे तीनही शब्द तसेच ठेवले आहेत.