मागच्या खोलीतला दिवा

—नाही हो दादा, पावडर कमी, ती माझ्याहून सावळी होती. कोण म्हणजे? माझ्या नवऱ्याची पहिली बायको! सांगितलं नाही कुणी? आज पहिल्यांदाच आलात रंगवायला, म्हणून — बाकी सगळ्या कंपनीला ठाऊक आहे, बोलत कुणी नाही एवढंच. नाटक त्यानेच लिहिलंय, बसवलंय त्याने, नायकही तोच. बायको भांडून दाराबाहेर पडते, बाहेर खुनी टपलेला — मग हा टाइम मशीनमध्ये बसून मागे जातो, तिला अडवायला. खरी ती गाडीखाली आली हो, खुनीबिनी काही नाही, पण अपघाताला तिकिटं खपत नाहीत म्हणे! आणि तिचं काम कोण करणार? मी. घरचीच नटी! तालमीत ओरडायचा, "ती अशी हसायची नाही!" आता हसते अगदी तशी. घरीसुद्धा. सवय, दुसरं काय.

हलत नाही, हलत नाही — तर आधी हा दर वेळी उशिरा पोचायचा. लोक रडायचे, मीही निभावून न्यायचे. आता पठ्ठ्याने शेवटच बदललाय. वेळेवर पोचतो, "थांब" म्हणतो, मी पर्स खाली ठेवते. आणि रंगमंचावर मागे ती काचेची खोली आहे ना, नाटकातली त्याची दुसरी बायको नि मुलगी जेवायला बसलेल्या असतात ती — तिथला दिवा विझतो. म्हणजे ते लग्न झालंच नाही, ती पोर जन्मलीच नाही. आणि टाळ्या! परवा आमची लेक पहिल्या रांगेत होती. घरी जाताना विचारते, "बाबा, दिवा विझल्यावर त्या दोघी कुठे जातात?" हा म्हणाला, "अगं, नाटक आहे ते." मी वाट बघत होते, पुढे काहीतरी बोलेल — तुझ्यावाचून मला कसं करमेल, असलं काही. हा तिकिटांचा हिशेब सांगायला लागला!

जळते मी, हो. मेलेल्या बाईवर जळते, लाज वाटते मला त्याची. पण लेक आजही समोर बसलीय. म्हणून मी आज थांबणार नाही. दहादा म्हणू दे "थांब", मी सरळ दार उघडून निघून जाणार — बघू दिवा कसा विझतो ते! असं काय बघताय? मरेल ती? अहो दादा, ती मेलीच आहे. माझी लेक जिवंत आहे.

...कुणापाशी बोलू नका हे. तिसरी घंटा झाली — जा तुम्ही. जा म्हणते ना!