पांढऱ्यातलं पिवळं

— अहो, गॉगल राहू दे ताई, आधी बसा तरी. ह्याच खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून, मागच्या वेळी बसला होतात तशा. बसवलेला डोळा बोचतोय का? पाणी येतं? नाही? मग कड बरोबर बसलीय, माप चुकलेलं नाही. मग काय — रंग? जुळत नाही म्हणता? काढा बघू गॉगल. हं. माझ्या डाव्या कानाकडे बघा. थांबा, जरा जवळ येतो. मला तर दोन्ही सारखेच दिसतायत हो. देवानं दिलेला आणि मी दिलेला, कोण कुठला ते सांगता यायचं नाही. तुम्ही बँकेत काउंटरवर बसता ना? मग तिथल्या ट्यूबलाइटचा दोष असणार. ट्यूबखाली भलेभले डोळे फसतात. उन्हातही? उन्हात जास्तच?

मान हलवू नका, मी बोलत राहतो, तुम्ही ऐका. माणूस ऐकत असला की नजर भिरभिरत नाही — म्हणून तर समोर बसणाऱ्याला मी डोळ्याच्या शब्दांच्या गोष्टी सांगतो, रंगवायला बरं पडतं. मागच्या वेळी कुठवर आलो होतो आपण? आयरिस झालं — बुबुळाचा रंगीत भाग, मूळ अर्थ इंद्रधनुष्य. आता तुमचं बुबुळ तपकिरी, माझंही तपकिरी, यात इंद्रधनुष्य कुठलं? पण आहे. ब्रश हातात घेतला की कळतं, एका तपकिरीत किती रंग दडलेत ते. त्यावरची काच, कॉर्निया, तिचं नाव शिंगावरून पडलं. शिंग पातळ घासलं की त्यातून उजेड आरपार येतो, म्हणून. आतलं भिंग — लेन्स म्हणजे मसूर! खरंच सांगतो. दोन्हीकडून फुगीर, मसुराच्या दाण्यासारखं, म्हणून मसूर. थट्टा नाही हो, एवढे मोठे वैद्य आणि नाव सुचलं ते स्वयंपाकघरातलं. आणि मागचा पडदा, रेटिना, तो जाळ्यावरून. आता राहिलं काय? राहिलं पांढरं. त्याला स्क्लेरा म्हणतात, म्हणजे टणक. बघा, पांढऱ्याला पांढरं म्हणायचं त्यांच्या मनातच आलं नाही. बरोबरच आहे, नुसतं पांढरं ते नसतंच. तान्ह्या बाळाचं निळसर असतं, म्हाताऱ्याचं पिवळट. तुमच्या वयाला पांढऱ्यात पिवळं घालावं लागतं, अगदी ब्रशच्या टोकावर मावेल एवढं — मग लाल रेशमाचे तंतू सोडवून त्यांच्या शिरा —

काय म्हणालात? निळसर? कोण म्हणालं? शेजारच्या काउंटरवरची? एक डोळा बाईचा आणि एक बाळाचा — असं म्हणाली ती? सगळ्यांसमोर? आणि म्हणून गॉगल. कामावरसुद्धा गॉगल.

नाही, हसत नाही मी. हसायचं तोंड आहे का माझं.

तुम्हाला आठवत असेलच, नाही का? इथंच होतात तुम्ही, ह्याच खुर्चीत. माझी सून तिकडे त्या टेबलाशी पॉलिश करत होती. मी तुमचा डोळा तुमच्या हातात ठेवला, तर ती उठून आली आणि हळूच म्हणाली, बाबा, पांढरं जरा निळसर वाटतंय, एकदा माझ्याकडे द्याल का? एवढंच म्हणाली. आणि मी काय बोललो? तुम्ही ऐकलंत. सांगू नका, मला पाठ आहे ते. आधी स्वतःचे डोळे तपासून घे, म्हटलं, काल आलेली पोर मला रंग शिकवते. गिऱ्हाइकासमोर. मुलाची बायको, घरची सून, आणि मी तिला असं तोडून बोललो. तुम्ही बिचाऱ्या खाली बघत बसलात. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की डोळा बसवायला आलेली बाई लाजेनं खाली बघतेय ती माझ्यापायी.

त्या दिवसापासून ती इथं आलेली नाही. घरात सगळं करते — चहा देते, बाबा जेवायला चला म्हणते — पण जिना चढून वर येत नाही. आणि काल मी तिचं टेबल आवरायला गेलो. आवरायला कसलं, मन थाऱ्यावर नव्हतं, उगीच हातांना चाळा. तर पिवळ्या रंगाची बाटली. दोन बाटल्या एकदमच आणल्या होत्या मी, एक तिच्या टेबलावर, एक माझ्या. तिची तळाला गेलीय. माझी भरलेली. झाकणाभोवतीचा कागदसुद्धा तसाच.

समजलं का तुम्हाला? मला समजायला सबंध दुपार लागली. मी रंगवून ठेवायचो, पॉलिशला म्हणून तिच्याकडे द्यायचो, आणि ती बसून माझ्या प्रत्येक पांढऱ्यात पिवळं घालायची. गुपचूप. कधी एका शब्दानं बोलली नाही. लोक म्हणायचे, काका, तुमच्या हातात जादू आहे, आणि मी मान डोलवायचो. तिच्यासमोर डोलवायचो! फक्त तुमचा डोळा मी त्या दिवशी घाईत स्वतःच पॉलिश केला, तिच्या हाती लागलाच नाही. आणि त्याचीच ही शोभा झाली.

माझे — आता काय लपवू — माझे डोळे पिकलेत ताई. दोन्ही. मोतीबिंदू. डॉक्टरांनी सांगून झालंय कधीचं, तुमचं भिंग पिवळं पडलंय, तुम्हाला सगळंच पिवळ्यातून दिसतं, म्हणून. नुसतं पांढरंही मला पिवळटच दिसायचं, मग ती बाटली मी उघडणार कशाला? शब्द बघा, किती सुंदर — मोत्याचा थेंब. तिकडच्यांनी धबधबा म्हटलं, कॅटरॅक्ट, वरून पाणी उतरून पडदा धरतो असं त्यांना वाटायचं. असल्या गोष्टी मी सगळ्यांना सांगत बसलो, पण मला मोतीबिंदू झालाय हे साधं वाक्य घरात कुणाला सांगितलं नाही. डोळे करणाऱ्याचेच डोळे गेले, असं लोक म्हणतील ना? म्हणून. बस, एवढ्यासाठीच.

एक शब्द राहिलाच. बाहुली. आपण बाहुली म्हणतो, संस्कृतात कनीनिका, म्हणजे लहानशी मुलगी, आणि तिकडे प्युपिल, त्याचाही अर्थ बाहुलीच. इतक्या लांबलांबच्या माणसांना एकच सुचलं, कारण जवळ जाऊन कुणाच्याही डोळ्यात पाहिलं की आपण दिसतो, बाहुलीएवढे. मी केलेल्या डोळ्यातही दिसतो, पॉलिश चांगलं असलं की. आयुष्यभर मला त्यात माझं कसबच दिसलं. त्या दिवशी सून माझ्याकडे बघत राहिली, डोळे भरलेले, पण पडू दिलं नाही तिनं पाणी. आणि त्यात मी होतो. हात वर करून ओरडणारा, एवढासा. तिला जवळून असं मी पहिल्यांदाच पाहिलं असेन. मेल्याहून मेल्यासारखं होतं हो ते आठवलं की.

नाही ताई, मी नाही हात लावणार आता. पैसेही नकोत, ते राहू दे. तुम्ही काढून ठेवा तो ह्या बशीत. ब्रश इथं आहेत, बाटली तिच्या टेबलावर आहे. ती खाली स्वयंपाकघरात असेल. मी हाक मारली तर ती येईल, लगेच येईल, तसलीच आहे ती, आणि आली की मी पुन्हा काहीतरी भलतंच बोलेन, उशीर का केलास म्हणेन, मला माझी खात्री नाही. तुम्हीच मारा हाक. म्हणावं, बाबांनी —

नाही. काही म्हणू नका. माझं मलाच म्हणायला हवं ते.

सरा जरा, मला जिन्याकडे जाऊ द्या. पायऱ्या नीट दिसत नाहीत हल्ली.

सूनबाई! अगं — सूनबाई!