तपकिरी शालू आणि ब्राझीलची माकडं

हॅलो?… हां आई, बोल… अगं हळू, कानाचा पडदा फाटंल… काय? साखरपुडा मोडायचा? परवावर आलाय तो!… हो, हो… माहितीये, हिमांशूनं हिरवा म्हणून तपकिरी शालू पाठवला… शेणाचा रंग? बरं, शेणाचा… अपमान नाय गं केला. स्वतः दुकानात जाऊन घेतलाय त्यानं. त्याला तो हिरवाच दिसला!

अगं ऐक ना… त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाय. जन्मापासून… आंधळा कसा? गाडी चालवतो की!… थांब, खाली टँकर आलाय, अख्खी सोसायटी हंडे घेऊन पळायली… हां, बोल… रोग नाय तो. मी ब्राझीलला माकडांच्या डोळ्यांवरच अभ्यास केला ना?… व्हय, तीच माकडं, ज्यांच्यापायी मी तिशीची घोडी झाले. त्यांच्यातले सगळे नर असेच. काही माद्यांना तेवढे सगळे रंग दिसतात… हसू नको, तुझ्या जावयाला माकड नाय म्हटलं!

मग निसर्गानं असं ठेवलं कशाला? ऐक. त्या नरांना पिकलेलं फळ पानांत लवकर सापडत नाय. पण पानाच्याच रंगाचा किडा पटकन दिसतो. कळपाला दोन्ही नजरा कामाच्या… आपल्या खानदानात असलं काही नाय?… लई खात्री आहे तुला… आई, गेल्या साली दुष्काळात मक्यावरची अळी गावात सगळ्यांच्या आधी कुणाला दिसली?… शिवराजदादालाच ना? आणि लहानपणी पिकलेले टमाटे तोडायला पाठवलं की कच्चे कोण भरून आणायचं?

…मुद्दाम नव्हता करत गं तो. तू फोकानं झोडपायचीस त्याला… कुणाकडून आलं म्हणजे? पोराला हे आईकडून येतं, तिला स्वतःला सगळे रंग दिसत असले तरी. बाबांचा काही संबंध नाय… खरंच. तुझ्याकडून.

तुला बोल नाय लावत गं. मला तरी कुठं कळलं? माकडं बघायला सातासमुद्रापार गेले, अन् घरातला भाऊ दिसला नाय. लाज वाटायली मला…

आई?… हॅलो? फोन टाकून कुठं गेलीस?… कोण? दादा?… काय? पाया पडली तुझ्या? आई?… गोठ्यात, सगळ्यांसमोर?… अरे, उठव तिला आधी!… साखरपुडा होऊ दे म्हणती?… बरं… बरं… अन् तू कशाला रडायलास, येड्या?… दादा?… हॅलो?…