नाव घेणारे पुष्कळ, वाचणारं कोण?

मंडळी, ऐका. आज प्रश्न एकच आहे. पुष्कळ लोकांनी आपलं नाव घेतलं, म्हणजे आपण मोठे झालो का? — माना डोलवू नका, उत्तर अजून दिलेलं नाही. काल या गावात सर्वांत जास्त नाव कुणाचं घेतलं गेलं? देवाचं? छे! दुपारपासून वीज नव्हती. वायरमनचं!

तर शास्त्रज्ञांमध्ये एक रीत आहे. शोध लागला, की लेख छापायचा. पुढच्यानं लिहिताना सांगायचं — हे अमक्यानं आधी म्हटलंय. याला संदर्भ म्हणतात. रीत चांगली आहे. पण कुणाच्या तरी मनात आलं — आपण हे संदर्भ मोजूया! ज्याचे जास्त, तो मोठा. वाचायला नको, समजायला नको. यंत्र मोजतं, साहेब सही करतो.

अशा एका संस्थेत डॉ. मनोहर बिवलकर होते. विषय — सुपारी. पावसात सुपारीला बुरशी लागते, कोवळी फळं गळतात. बिवलकरांनी तरुणपणी लेख लिहिला — अमुक पावडर एकदा फवारा, गळ थांबते. झाडावर पुन्हा पुन्हा चढायला नको! लोक खूश. जो तो लिहू लागला — ‘बिवलकर म्हणतात…’ आकडा वाढू लागला.

त्यांच्या शेजारच्या खोलीत डॉ. सुलभा तांडेल. या बाईंनी तीच पावडर जोरदार पावसात तपासली. गळ थांबेना. बिवलकरांनी प्रयोग केला, त्या वर्षी पाऊसच कमी होता हो! बाईंनी तसं छापलं. आता, ज्याचं खोडायचं त्याचं नाव तर घ्यावं लागतं. यंत्राला काय कळणार? त्यानं बिवलकरांचा आकडा एकानं वाढवला!

बाईंनी पुन्हा तपासलं, पुन्हा खोडलं. बिवलकर पुन्हा वाढले. दुसऱ्यांनीही खोडलं — बिवलकर आणखी वाढले! आणि बिवलकर? आकडा बघायचे, समाधानानं चहा प्यायचे. लेख काही उघडायचे नाहीत.

पुढे विभागप्रमुखाची जागा निघाली. संचालक इनामदारसाहेब म्हणाले, “वाद नको. आकड्यात पहिला, तो प्रमुख.” पहिले बिवलकर. हार आणायला माणूस गेला.

त्याच दिवशी दिवेआगरहून मेहुण्याचा फोन. दिगंबर म्हणाला, “भावोजी, वाडीत खाली सडाच पडलाय. निम्मी सुपारी गेली.”

“पावडर मारली होतीस ना?”

“तीच मारली. शेजारीपाजारी म्हणत होते, जुनंच औषध मार. मी म्हटलं, माझ्या बहिणीचा नवरा खोटं लिहील का?”

बिवलकरांनी फोन ठेवला आणि प्रथमच सुलभाबाईंचा लेख उघडला. अगदी शेवटापर्यंत वाचला. उठले, शेजारच्या दारात उभे राहिले.

“बाई, हे तुम्ही मला तोंडावर का नाही सांगितलंत?”

बाई म्हणाल्या, “सर, प्रत्येक लेख तुमच्या टेबलावर ठेवला होता. तुम्ही म्हणालात, ‘वा, माझा उल्लेख केलात!’”



सभा भरली. साहेबांनी हार उचलला. बिवलकरांनी हात जोडले. “साहेब, थांबा. या आकड्यातल्या बऱ्याच जणांनी मी चुकलो हे सांगायला माझं नाव घेतलंय. मी तो लेख मागे घेतोय.”

साहेब हळूच म्हणाले, “बिवलकर, पण आकडा तर खरा आहे ना?”

“आकडा खरा आहे, साहेब. मी चुकलोय.”

खुर्ची त्यांनी नाकारली. मग ती सुलभाबाईंना मिळाली? — नाही हो! तुम्ही फार लवकर खूश होता. नियम तो नियम. आकड्यात दुसरा जो होता, तो बसला. बाई आपल्या खोलीतच राहिल्या.

बिवलकर दिवेआगरला गेले. वाडीवाडीत हिंडून सांगितलं, “ती पावडर मारू नका, मी चुकलो.” काहींनी पाणी दिलं, काहींनी दार लावून घेतलं. दिगंबर बोलेना. बहिणीनं भावाला समजावलं, तरी बोलेना. पण पुढच्या पावसाआधी सुलभाबाईंना घेऊन बिवलकर पुन्हा आले, तेव्हा त्यानं वाडीचं फाटक उघडलं. म्हणाला, “आत या. या खेपेला आधी तपासा, मग लिहा.” तिघं मिळून झाडं बघत आत गेली.

आणि तो मागे घेतलेला लेख? लोक अजून त्याचा संदर्भ देतात. आकडा वाढतोच आहे!

हसू नका. मुलगी शाळेतून आली की तुम्ही विचारता — किती मिळाले? काय कळलं, हे विचारलंत कधी? घरी पूजा झाली की सांगता, इतकी पानं उठली. त्यात म्हातारीच्या पानात भात पोचला का, ते कुणी बघितलं? चुकलो हे समजल्यावर चार माणसांत उभं राहून तसं म्हणणारा माणूस — त्याला मोजायचं यंत्र नाही, मंडळी. म्हणून तो मोठा.

आता घरी जाताना कुणी म्हणेल, “बुवांनी छान सांगितलं.” त्याला तिथेच थांबवा. विचारा, “काय सांगितलं?”

चला, टाळ उचला. गजर मोठ्यानं होऊ दे — पण ज्याचं नाव घ्याल, त्याच्याकडे एकदा नीट बघून घ्या.