खोट्या नावाची आगबोट

माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं, आमच्याकडे घरटी एक तरी माणूस बोटीवर असायचाच, त्यामुळे बोटीवर जाणं म्हणजे काही विशेष असं आम्हाला वाटायचंच नाही. माझे आजोबा आगवाले होते. आगवाला म्हणजे बॉयलरपुढे उभं राहून कोळसा टाकणारा, इंग्रजांच्या मालवाहू आगबोटीवर. मी शाळेत असताना ते गेले, पण त्यांच्या मांडीवर बसून ऐकलेलं मला सगळं आठवतं. युद्धाच्या काळात त्यांची बोट हिंदी महासागरात असताना समोरून एक साधी मालबोट आली, नॉर्वेचं निशाण, मागे नॉर्वेचंच नाव, आणि जवळ आल्यावर तिच्या अंगावरचे पत्रे धाडकन खाली पडले आणि आतून तोफा निघाल्या. ती जर्मनांची लढाऊ बोट, सोंग घेतलेली. आजोबांची बोट बुडवली, आणि आजोबांच्या आत्याचा मुलगा रघू, तोही आगवाला, तो त्यात गेला. बाकीच्यांना त्या जर्मनांनी वर ओढून घेतलं आणि आपल्या बोटीच्या पोटात कैदी म्हणून ठेवलं, मग पुढे ब्रेमेनच्या बाजूला कॅम्पात, युद्ध संपेपर्यंत. म्हणजे बघा ताई, आमच्या घरातून जर्मनीत पहिली मी नाही आले, आजोबा आले होते. फक्त त्यांना कुणी व्हिसा विचारला नाही.

मी आले लग्न करून. आमचे हे सॉफ्टवेअरमध्ये, पुण्याहून हॅम्बर्गला बदली झाली. पहिली काही वर्षं मी घरीच होते, पाऊस बघत, काय सांगू तुम्हाला, इथला पाऊस कोसळत पण नाही आणि थांबत पण नाही. मग मुलगी ईशा किंडरगार्टनला जायला लागली आणि मी म्हटलं आता बस झालं, भाषा शिकले, आउसबिल्डुंग केली, म्हणजे कामाचं रीतसर शिक्षण, आणि प्फ्लेगेहाइममध्ये लागले, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरात. सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या, अगं परक्यांना आंघोळी घालायला गेलीस का तिकडे? मी म्हटलं, आई, आंघोळ घातली की माणूस परका राहत नाही. त्या हसल्या. त्यांना आता सगळ्यांना सांगायला आवडतं की आमची सून नर्स आहे. मी नर्स नाही, पण जाऊ दे.

तर तिथल्या फ्राऊ हेनिंग्स, म्हणजे हेनिंग्सबाई. हे नाव मी बदललंय हं, आमच्या कामात खरं नाव बाहेर सांगितलेलं चालत नाही. वय नव्वदीकडे झुकलेलं, पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र आणि लांब, आणि ते मीच विंचरायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो, साधा कोट घातलेला माणूस आणि शेजारी कुत्रा. मला वाटायचं शाळामास्तर असतील. एक दिवस विंचरता विंचरता मी सहज म्हटलं, बाबा छान दिसतात तुमचे. तर म्हणाल्या, ते नौदलात कप्तान होते.

मग रोज सकाळी थोडं थोडं सांगायला लागल्या. वडिलांचा जन्म फ्लेन्सबुर्गकडच्या एका खेड्यात धर्मगुरूच्या घरी, मिसरूड फुटायच्या आधी शिडाच्या जहाजावर पळाले, मग नौदल, पहिल्या महायुद्धात अगदी कोवळे अधिकारी. ते युद्ध हरल्यावर नौदलात माणसं कमी केली, तरी हे टिकले, वर्षानुवर्षं समुद्राची खोली मोजणाऱ्या बोटीवर काढली. म्हणायचे, मी समुद्राचा कारकून आहे. फ्राऊ हेनिंग्स लहान होत्या तेव्हा दुसरं युद्ध लागलं आणि वडिलांना एक मालबोट दिली, आतून तोफा बसवलेली. वर्षाहून जास्त काळ एकही बंदर न बघता ते फिरले. भर समुद्रात खलाशी दोरांना लटकून बोटीला नवा रंग द्यायचे, लाकडी खोटं धुराडं उभं करायचे, आज नॉर्वेचं नाव, उद्या हॉलंडचं. इंग्रजांची मालबोट दिसली की थांबवायचे, वायरलेसवरून मदत मागायला लागली की गोळे टाकायचे, वायरलेस बंद पडली की तोफा बंद. माणसं पाण्यातून काढायची, बोट बुडवायची. शेवटी इंग्रजांच्या क्रूझरने, म्हणजे लढाऊ जहाजाने, त्यांची बोट गाठून बुडवली आणि ते होडीतून कसेबसे वाचून घरी आले. पदक मिळालं, पण बोट पुन्हा मिळाली नाही, टेबलाशी बसवलं. मग हार, इंग्रजांची कैद, आणि परत आले तेव्हा मुलीने ओळखलं नाही. त्यानंतर बंदरातल्या गोदामात मुकादम. जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्याला कधी गेले नाहीत.

आणि एक सांगते, त्या वडिलांची बाजू घेऊन बोलायच्या नाहीत. म्हणाल्या, ते सांगायचे मी समुद्राची चाकरी केली. मी मोठी झाल्यावर विचारलं, पापा, पण समुद्रावर पाठवलं कुणी? ते उठून कुत्र्याला फिरवायला गेले.

पुढे एक दिवस त्या म्हणाल्या, बोटीच्या पोटात कैदी असायचे, त्यात हिंदुस्थानी खलाशीही. माझा कंगवा तिथेच थांबला. मी विचार न करता बोलून गेले, माझे आजोबा अशाच एका बोटीत कैदी होते. नाव नॉर्वेचं होतं. मला वाटलं त्यांना गंमत वाटेल. त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाल्या, आज केस राहू द्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डप्रमुख बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, फ्राऊ हेनिंग्सना दुसरी कुणीतरी हवीय, काही झालं का? मी म्हटलं, काही नाही. घरी येऊन रडले. हे म्हणाले, अगं, वॉर्ड बदलून घे, एवढं काय मनाला लावून घेतेस. ईशा जेवत होती, ती मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्येच देते, ती मान वर न करता म्हणाली, मम्मा, झी हाट आंग्स्ट फोर दिअर. म्हणजे, त्या तुला घाबरल्यात. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं माझ्यावर रागावल्यात.

मग मी सुट्टीच्या दिवशी गेले, युनिफॉर्म न घालता, पंजाबी ड्रेस घालून, डब्यात नारळाच्या वड्या घेऊन. म्हटलं, कामाला नाही आले, भेटायला आले. त्यांनी डबा घेऊन मांडीवर ठेवला. मग विचारलं, तुमच्या आजोबांच्या बोटीवर कुणी मेलं का? खोटं बोलणं सोपं होतं ताई. पण त्यांनी आयुष्यभर खोट्या रंगाच्याच गोष्टी ऐकल्या होत्या. मी म्हटलं, हो, त्यांचा रघू नावाचा भाऊ.

त्या म्हणाल्या, सांगा. मी आजोबांकडून ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. रघूला वर आणला तेव्हा जीव नव्हता. त्या जर्मन बोटीच्या कप्तानाने आमच्या सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, बोलावून विचारलं, तुमच्यात काय करतात? सारंग म्हणाला, अग्नी देतात. कप्तान म्हणाला, बोटीवर ते मला जमणार नाही. मग कापडात गुंडाळला, जर्मन खलाशी टोप्या काढून रांगेत उभे राहिले, सारंगाला येत होतं तेवढं म्हणू दिलं, आणि समुद्रात सोडला. आजोबा म्हणायचे, गो पोरी, त्यानंच मारला नि त्यानंच टोपी काढली, मी त्याला शिव्या तरी काय घालू नि पाया तरी कसा पडू. आणि म्हणायचे, रघू जन्मभर आगीपुढे उभा राहिला, नि त्यालाच आग मिळाली नाही.

फ्राऊ हेनिंग्स रडल्या नाहीत. त्यांनी फक्त नाव दोन-तीनदा म्हणून बघितलं, रागू, राघू, मग बरोबर जमलं. म्हणाल्या, मला कळायला हवं की ते माझे पापा होते का. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाल्या, माझ्याकडे फार वेळ नाही, आणि न कळता जायचं नाही.

मी गावी काकांना फोन केला, त्यांना आजोबांच्या बोटीचं नाव पाठ होतं. फ्राऊ हेनिंग्सचा भाचा, डीटर, रिटायर झालेला माणूस, त्याच्या ओळखीत नौदलाच्या इतिहासातला एक जाणकार होता, त्याला तो विचारून आला. मी त्यांच्या खोलीत ब्रेड कापत होते तेव्हा डीटर दारात उभा राहून फ्राऊ हेनिंग्सना म्हणाला, ती बोट दुसऱ्याने बुडवली. तुझ्या वडिलांची बोट तेव्हा पार दक्षिण अटलांटिकमध्ये होती.

खरं सांगू? मला वाईट वाटलं. हसू नका. मला वाटत होतं आजोबांची गोष्ट कुठेतरी येऊन टेकली, आणि ती पुन्हा सुटली. मला वाटलं त्या सुटकेचा श्वास घेतील. पण त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, मग तो दुसऱ्या कुणाच्या मुलीचा बाप होता. तिला कुणी रघूबद्दल सांगितलं असेल का? नसेल. तर मग मी ऐकलं ते बरं झालं. आणि माझ्या वडिलांनी बुडवलेल्या बोटींवरही कुणीतरी रघू असेलच ना.

नंतर जरा वेळाने म्हणाल्या, आपण आता एकमेकींना दू म्हणू या. इथे झी म्हणजे अहो आणि दू म्हणजे अगं, आणि इतक्या वयाच्या बाईने आपण होऊन दू म्हणायला सांगणं म्हणजे घराची किल्ली हातात देण्यासारखं. हन्ना त्यांचं नाव, पण माझ्या तोंडून अगं हन्ना काही येईना. मी म्हटलं, आमच्यात तुमच्या वयाच्या बाईला आजी म्हणतात. त्यांनी विचारलं, त्यात दू आहे की झी? मी म्हटलं, दोन्ही. त्या म्हणाल्या, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, मग तेच.

आता हन्ना आजी फारशी उठत नाही. डॉक्टर म्हणतात, हळूहळू विझतेय, त्रास नाही. मी तिचे केस विंचरते, ईशा शनिवारी येऊन तिच्याशी पत्ते खेळते, दोघी जर्मनमध्ये भांडतात, आजी फसवते म्हणून. माझं बरं चाललंय ताई, घर आहे, काम आहे, पाऊस आहे. देवाकडे मागणं एकच, की म्हातारी शांतपणे जावी. आणि माझ्या ड्युटीत जावी.